खिसा उलटा करून

बुधवारची बॅच त्यांची, गुरुवारची आमची.
तेच नाटक, तीच गाणी, आणि झगाही तोच,
ग्लेनिसच्या घामाने ओला झालेला
उद्या संध्याकाळी मला घालायचाय.

म्हणून मी पाचव्या रांगेत बसले,
चुका मोजायला. खरं सांगते, चुका मोजायलाच.
शेजारी बाबा, रिफायनरीतून थेट,
पायांत अजून सेफ्टी शूज,
पहिल्या गाण्याआधीच घोरू लागलेले.

पडदा सरकला. फ्रिजच्या खोक्यांचं गलबत,
आठवी ‘क’च्या लाटा
निळ्या साड्यांखाली खुसखुसणाऱ्या,
आणि मोत्यांसाठी बुडी मारणारा जिबिन,
नाकाला कपड्यांचा चिमटा लावून.
हॉल हसला. तो हसला नाही.
पहिली चूक माझीच सापडली:
त्या चिमट्याला मी तालमीत रोज हसले होते.

मुदस्सिरला एकही वाक्य नाही.
जिबिनच्या कमरेचा दोर धरून उभं राहायचं, बस्स.
आमच्या बॅचमधला दोरवाला
प्रेक्षकांत आपली आई शोधत असतो.
मुदस्सिर दोराकडे बघत होता,
खाली खरंच कुणी श्वास कोंडून असल्यासारखा.
थोड्या वेळाने कळलं, मीही कोंडलाय.

दुसऱ्या अंकात माइक गेला.
ग्लेनिसचं मोठं गाणं, वाट बघणाऱ्या आईचं,
दुसऱ्याच ओळीला खर्र,
आणि मग काहीच नाही.
लीलाम्मा टीचर विंगेत हातवारे करतायत,
साउंडवाले अंकल वाकून वायरी उपसतायत,
कीबोर्ड दोन मात्रा पुढे जाऊन, लाजून थांबला.
मी असते तर विंगेकडे बघितलं असतं.
माइकवर टिचकी मारून ‘हॅलो’ म्हणाले असते.

ग्लेनिसने मुलाचा सदरा उचलला.
घडी घातली. मोडली.
पुन्हा घातली, बाही आत.
संहितेत सदरा नाहीच;
जिबिन घाईत तिथे विसरून गेलेला.

सातशे माणसं, आणि एसीची घरघर तेवढी.
आणि बाबा जागे झाले.
तीन गाण्यांत, ढोलांत, टाळ्यांत न हललेला माणूस
शांततेने दचकला.
“काय झालं गं?”
“श्शू.”
(प्लांटवरही असंच, ते नंतर म्हणाले,
आवाज चालू असला की डोळा लागतो,
बंद पडला की जीव घाबरा होतो.)

मग ती गायली. माइकशिवाय, खालच्या पट्टीत,
इतकं हळू की मागच्या रांगांच्या खुर्च्या करकरल्या,
सगळे पुढे झुकले म्हणून.
वरचा सूर चिरला. तिने तो चिरलेलाच राहू दिला.
वहीत ‘चुका’च्या खाली मी तो लिहिला,
मग खोडवेना, आणि ठेववेनाही.

परतताना फहाहीलच्या रस्त्यावर,
लांब अहमदीकडची ज्वाळा आभाळाला चिकटलेली,
मी मांडीवर टिश्यूची घडी घालत होते,
बाही आत, बाही आत.
थांब, मी मलाच म्हटलं. ते तिचं आहे.

घरी आई, रोजच्यासारखी,
बाबांचा कव्हरऑल मशीनमध्ये टाकण्याआधी
एकेक खिसा उलटा करून बघत होती.
पार्किंगची पावती. वाळू. एक नट.
वाळू बेसिनमध्ये झाडली,
नट खिडकीतल्या बरणीत टाकला.
बरणी गळ्यापर्यंत भरत आलीय.
कशाला ठेवतेस, मी विचारलं.
“लागेल कुठेतरी,” म्हणाली, आणि पुढचा खिसा.

मी दारातच उभी राहिले, बघत,
मुदस्सिर दोराकडे बघत होता तशी.

उद्या माइक चालेल. टीचरनी नव्या बॅटऱ्या आणल्यात.
तरी मी तो सदरा उचलणार आहे, कुणाला न विचारता,
आणि गाण्याआधी एकदा
त्याचा खिसा उलटा करून बघणार आहे.

सदऱ्याला खिसा आहे की नाही,
ते मात्र लवकर जाऊन बघायला हवं.