कलम

रविवारी या गल्लीत करवत चालवायला मनाई आहे.
म्हणून डेटलेफ कातर घेतो,
कोंबडीच्या फासळ्यांची, लांब दांड्यांची.
दुकान मोडलं तेव्हा
त्याने घरी आणलेली एवढी एकच वस्तू.

तळघरात निळा उजेड. वर वुपरटाल,
नदीवर उलटी लटकत जाणारी गाडी, ओली छपरं,
आणि समुद्र दोनशे किलोमीटर तरी लांब.
इथला समुद्र बादलीत तयार होतो:
पांढरी पूड, लिटरला पस्तीस ग्रॅम,
लाकडी पळीने ढवळलेली.

काचेमागे सुपाएवढं पोवळं.
डेटलेफ तिला म्हातारी म्हणतो.
"बघ गेसा, मांसाकडून कापायचं नाही. हाडाकडून.
तोंडं आहेत तिला, शेकडो.
जमेल तेवढी वाचवायची."

चाळीस वर्षं त्याने जे जे कापलं
ते कमी होत गेलं.
किती मुंडकी कलम केली, मोजली नाहीत.
संध्याकाळी आकडे रिकामे, फरशी धुतलेली,
आणि नखांत मिरपूड.

कट्.
कुरडई मोडावी, तेवढाच आवाज.
आत पांढरं शुभ्र. रक्त नाही,
नुसती चिकट लाळ, बोटभर लोंबणारी.
"रागावलीय," तो म्हणतो,
आणि तुकडा कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात बुडवतो,
आयोडीनच्या. घड्याळ लावून दहा मिनिटं.
मग चिनीमातीच्या बटणावर गोंदाचा थेंब,
ज्या गोंदाने त्याच्या चष्म्याची काडी चिकटवली आहे, तोच.

मी ते लोणच्याच्या बरणीतून वर नेलं,
कोटाच्या आत, पोटाशी धरून, तीन जिने.
पंधरा दिवस काहीच नाही.
टपाल वाटून आले की आधी कोट न काढता
काचेला नाक लावायचे.
मग एकदा बुडाशी जांभळी कड दिसली,
उतू गेलेल्या दुधासारखी, पण फार सावकाश,
गोंदावरून, बटणावरून
ती आपली आपण चालत आली होती.

बरणी धुऊन मी त्याच्या दाराशी ठेवली.
आमचं बोलणं मग तीन वर्षं हवेबद्दल.

फेब्रुवारीत तो इस्पितळात होता, अकरा दिवस.
सांगून गेला नाही. सांगणार कोणाला.
हीटरचा काटा अडकला
आणि पाणी तापत राहिलं.
तो आला तेव्हा तळघरात उकडलेल्या समुद्राचा वास,
आणि म्हातारी, टोकापासून बुडापर्यंत,
आतलं ते पांढरं
सगळं बाहेर आलेलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली.
दारात डेटलेफ, काखेत कातर, हातात माझीच बरणी,
काकडीच्या लोणच्याचं लेबल अजून तसंच.
हवा नाही, पाणी नाही.
"तुझ्याकडे म्हातारीचं काही आहे का?"

कातर त्याने माझ्याकडे दिली.
उजव्या हातात आता कपसुद्धा राहत नाही त्याच्या.
डाव्या हाताने दाखवत राहिला:
"ही. नाही, ही. दोन फाटे फुटतात ना, त्याच्या खाली."

मी विचारलं, दुखत असेल का हिला?
तो बराच वेळ फिल्टरची गुरगुर ऐकत बसला.
"चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही," म्हणाला.
"गिऱ्हाइकं विचारायची, कोवळं आहे का."

कट्.

बरणी कोटात घालून तो निघाला.
मी दार लोटलं नाही.
दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत
जिन्यातला दिवा नेहमीसारखा आपोआप विझला.
अंधारात त्याचं थांबणं ऐकू आलं,
मग पाण्याचं थोडं डुचमळणं,
मग पाऊल. मग बऱ्याच वेळाने
दुसरं.