मुंढ्याचं माप

सकाळी साडेसातला फोन
शेवयांच्या डब्याला टेकवून उभा करते.
जरा उजवीकडे, काकू. अजून जरा.
हं, आता खांदा दिसतोय.
बाणेरहून बोलते तेजल गवांदे,
वय सव्वीस असेल, केस ओले,
मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

बोहरी आळीत पडले मी,
काखेत अस्तराचे तीन तागे.
एक पायरी होती, मला वाटलं संपल्या.
तागे आधी पडले. त्यांना काही झालं नाही.

ससूनच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
बाहीचा जोड उसवावा
तसा दंडाचा वरचा गोळा जरासा कललेला.
ऑपरेशन नको म्हणाले,
झोळीत ठेवा, आपोआप जुळेल.
छत्तीस वर्षं शिवतेय मी दत्तवाडीत,
आपोआप जुळलेलं
अजून काही पाहिलं नाही.

पण जुळलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं
आणि हात माझा राहिला नाही.

आता वाकायचं, डावा हात टेबलावर,
उजवा सोडून द्यायचा
विहिरीत पोहरा सोडतात तसा.
तुम्ही फिरवू नका, काकू, त्याला फिरू द्या.
इथंच अडतं.
या हाताला मी कधी नुसतं फिरू दिलेलं नाही.

मग भिंत.
बोटांनी चढायचं, एकेक पेर,
थांबेल तिथं डाव्या हातानं खडूची रेघ.
खडू माझाच, चपटा, निळा.
बाराव्या तारखेची रेघ नवव्याच्या खाली आहे.
पुसणार होते.
तेजल म्हणाली, खाली आलेलीही राहू द्या.

दुखतंय का? दहापैकी किती?
दहा कुठले, बाई, कुणाच्या हिशोबातले?
मी सांगते, पाव इंच ओढतंय.
मागून, काखेपाशी, उरेपात.
ती गप्प झाली, मग लिहून घेतलं.
हल्ली तीच विचारते,
आज सैल पडलं का थोडं?

पुढच्या खोलीत मशीनवर नसीम.
तिच्या हातचा मुंढा ओढतो.
कानडेबाई काल तणतणत आल्या,
हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो.
मी म्हटलं, होतो ना वर?
हसल्या नाहीत.

पण रात्री झोप येईना, कुशीवर होता येत नाही,
तेव्हा आठवत राहिलं,
हात खाली सोडा, सरळ उभ्या राहा,
असंच म्हणत आले मी सगळ्यांना.
टेप लावली, खांदा साडेचौदा, मुंढा सोळा,
वहीत लिहिलं, पुढची बाई.
कुणालाच म्हटलं नाही, हात वर करा.
दोरीवर ओली चादर टाका बघू,
माळ्यावरचा डबा काढा,
बसमध्ये दांडी धरा.
इतक्या बाया, आणि सगळ्यांचं माप मी
उभ्या केलेल्या बाहुलीचं घेतलं.

नसीमला सकाळी सांगितलं.
ती म्हणाली, खाला, मग कापड जास्त लागेल.
लागू दे.

गुरुवारी लाइट नसते, तेजलही नव्हती.
डब्यापाशी फोन काळा,
त्यात माझंच तोंड.
खिडकीतून पर्वतीवर कुणीतरी
लाल शर्टातलं चढत होतं,
ते वर पोचेतो मी हात झुलवला.
किती वेळा, कोण जाणे.

शुक्रवारी ती विचारते, काल केलंत?
केलं.
मग भिंतीवर कालची रेघ दिसत नाही.
नाही काढली.
खडू धरायला हात नव्हता,
दोन्ही केसांत होते.

अंबाडा डावीकडे कललेला.
नऊच्या आत सुटला.