ढोपर

मास्तर म्हणायचे, तुझी अक्कल गुडघ्यात.
खरंच होती.
तेवीस वर्षं माड चढलो, वेंगुर्ल्यापासून मोचेमाडपर्यंत,
पाय कुठे रोवायचा, कुठे सोडायचा
हे डोक्याला कधी विचारलं नाही.

मग आरोलकरांच्या बागेत
शेवटच्या चार हातांवरून उडी टाकली, रोजच्यासारखी.
पाय वाळूत रुतला आणि अंग मात्र वळलं.
सुकं चुडत मोडावं तसा आवाज.
विडी ओढली, आणखी सहा माड केले.
रात्री ढोपर पपनसाएवढं.

काकी म्हणाली, "नस चढली. त्याल चोळ."
महिनाभर चोळलं.
उतारावर आत काहीतरी अडकायचं,
दाराच्या फटीत खडा अडकावा तसं.

बांबोळीला नळीत झोपवून फोटो काढला.
शिरसाट डॉक्टरीण म्हणाली,
"शहाळं फोडतोस ना? करवंटीला आतून साय असते,
पांढरी, गुळगुळीत.
तशीच, पण चिवट, हाडाच्या टोकावर असते. कूर्चा.
तुझी रुपयाएवढी निघालीय."
परत येईल?
"तिला रक्त नाही.
रक्त नाही तिथे जखमेला कळतच नाही
की आपण जखम आहोत."

मग दुर्बीण घालून तिने
हाडालाच बारीक भोकं पाडली, रक्त वर यावं म्हणून.
मला आमची विहीर आठवली.
पंधरा हात नुसता चिरा, कोरडा,
आणि एका दुपारी पहारीच्या टोकाला लाल ओल.
"येईल ते भरण," ती म्हणाली, "मूळची साय नव्हे.
त्यावर भागव."

सहा आठवडे पाय टेकायचा नाही.
पट्टा बघून बायको हसली,
लग्नाला एकोणीस वर्षं झाली
आणि आता गुडघ्याला बाशिंग!

चटईवर टाच पुढे, टाच मागे.
दिवसाला पाचशे. मोजताना झोप यायची.
सायीला शीर नाही, म्हणे.
दाबलं की पाणी जातं, सोडलं की येतं,
तेवढ्यावर ती जगते.
हे मात्र मला समजावावं लागलं नाही.
खिडकीतून खाडी दिसते.
तिवरांना कोण शिंपतं?

परवा काठी घेऊन बागेत गेलो.
भाचा माडावर, उडीच्या बेतात.
ओरडलो, "उडी मारू नको रे!
जमनीक पाय लागासर उतर!"
तो वरूनच हसला, "मामा, अक्कल इली?"

इली, म्हटलं.
रुपयाएवढी.