दुसरा भाग

रात्रीचे पावणेबारा. सेलूच्या टेशनाबाहेर
भुर्जीच्या गाड्यावर चार्जिंगचा बल्ब,
तोही मधूनच डोळा मारतो.
मुंजाजीनं खिशातून पेपर काढला, चार घड्यांचा,
आणि कोर्टात पुरावा मांडावा तसा
कांद्याच्या ताटलीशेजारी ठेवला:
पाचापैकी दीड तारा.

"दीड? आभाळात असतो का कुठं अर्धा तारा?"
बंकट जिनिंगात कापूस तोलतो,
मापातलं पाप त्याला लांबून कळतं.
"ते गारव्यात बसून फुकट पाहणार,
आपण दीडशेचं तिकीट दोनशेला घेणार,
मग आपल्याला कामून इचारत नाही कुणी?"

एजाज पंक्चरवाल्याचे हात अजून काळेच.
"देखो जी, ट्यूब में हवा ज्यादा हो गई.
पहले में एक आदमी था.
इस में खाली गाड्यां. गाड्यां, बोटां, इमानां."

पहिल्या भागात तो परक्या मुलखात बांगड्या विकायचा.
एका रात्री तापात बरळला, आईच्या बोलीत,
आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस
उठून बसला.
बस, एवढंच.
त्यानं जीभ चावली. उशीवर रुपयाएवढा डाग.
बाल्कनीतल्या पोरांनी तोंडातली शिट्टी
तोंडातच ठेवली होती तेव्हा.

या खेपेला तो पाच देश फिरला,
पाचही ठिकाणी कुणी त्याला परका म्हणालं नाही.
ताप आला नाही. बांगडी फुटली नाही.
मनगटावरचं घड्याळ मात्र
तीनदा जवळून दाखवलं.

"अन् ती इमानातली उडी?" मुंजाजी पेटलेला.
त्याच्या दंडावर सतरा नंबर गोंदलाय,
पहिल्या भागाच्या पन्नासाव्या दिवशी, मानवतच्या बाजारात.
कातडीवर लिहून दिलेल्या माणसानं
कसं मागं सरकावं?
"त्या पेपरवाल्याला म्हणावं, मारून दाखव,
दुधनेच्या पुलावरून तरी!"

लिंबाजीकाका इतका वेळ पाव मोडत बसलेला.
अठ्ठावीस वर्षं टॉकीजचा ऑपरेटर.
रिळं गेली, आता काँप्युटर सगळं करतो,
काका बटण दाबतो
आणि भिंतीतल्या भोकातून खाली बघत राहतो.
"पडदा म्या पाहतच नाही," तो म्हणाला,
"म्या तुम्हाला पाहतो.
पहिल्याला एक गडी मुतायला उठला नव्हता.
आज इंटरव्हलनंतर अठरा मोबाइल पेटले.
मुंजाजी, तुझा दोनदा."

तव्यावरचं अंडं तेवढं बोलत होतं.

"आईचा फोन होता."
"दोन्ही टायमाला?"

बंकट हसायला गेला अन् थांबला,
भोकातून कोणकोणत्या रांगा दिसतात
याचा अंदाज घेत असावा.
मीही घेत होतो.

कारण मी झोपलो होतो.
शेवटच्या मारामारीत, बाँब फुटत असताना,
तोंड उघडं टाकून, गाढ.
फॅन मंडळाचा सचिव मी.
बॅनरचे अकराशे मी गोळा केले,
शिडीवर चढून हार मी घातला,
टाचणी बोटात घुसली ती अजून ठुसठुसते.
जाग आली तेव्हा नावं वर सरकत होती,
आणि सगळ्यांच्या आधी उभा राहून
टाळ्या वाजवल्या मीच.

काकानं माझ्याकडे पाहिलं.
पावाचा शेवटचा तुकडा ताटलीभर फिरवला,
काही सोडलं नाही, काही बोललाही नाही.
इतकी वर्षं त्यानं काय काय पाहून
असंच गिळलं असेल, कोण जाणे.

मालगाडी गेली, बराच वेळ जातच राहिली.
एजाजनं घरच्यांसाठी भुर्जी बांधून घेतली,
हाताला लागला तोच पेपर.
तेल पसरलं, तारा दीडचा पाऊण झाला,
मग आरपार दिसायला लागलं.
मुंजाजीनं ना भांडण केलं, ना पेपर मागितला.
उकडत होतं, तरी बाही
कोपरापर्यंत खाली ओढली.

"तिसऱ्यात त्याला ताप येईल का रे?"
कुणाला विचारलं, कळलं नाही.
बंकट पैसे मोजत होता, दोन रुपये कमी पडत होते.
"उद्या सहाच्या शोला?"
"हौ," एजाज म्हणाला. "किनारे की सीट नक्को."