हवा काढताना

अंबडच्या शेडमध्ये
फायरब्रिगेडची नाव साच्यात उताणी पडलीय.
नाव कसली, अजून नुसतं कापड.
साच्याला सात हात मेण, वर केशरी जेलकोट,
त्यावर काचेच्या धाग्याचे चार थर, कोरडे ठणठणीत.
त्याची कुसं मनगटात शिरतात,
रविवारीसुद्धा खाजतात.

रंजना बेंडकुळे कडेकडेनं चिकटपट्टी दाबत जाते.
वीस वर्षं सिन्नरला विड्या वळल्या तिनं, हजारावर मजुरी.
आता त्याच नखानं
प्लास्टिकला चुण्या घालते,
विडीचं तोंड मोडावं तशी.

पंप सुरू.
प्लास्टिक आधी सुरकुततं,
मग असं बिलगतं
की विणीचा धागा न् धागा मोजून घ्यावा.
व्हॉल्व्ह बंद. आता अर्धा तास काटा हलायचा नाही.

हलला.

पंखे बंद. मोबाइलवरची गाणी बंद.
शेजारच्या पॉवरप्रेसला काय सांगणार,
तिच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत ऐकायचं.
रंजना वाकून कान नेते,
शेगडीच्या नळीपाशी नेतात तसा,
आणि नाळेजवळ थांबते.
‘हितं.’
सुईच्या टोकाएवढं भोक,
बशीतला चहा ओढावा तसं
बाहेरचं सगळं अंबड आत ओढत होतं.

मग हार्डनर.
चाळीस मिनिटं हातात, पुढे बादलीतच दगड.
चिमटा सोडला.
मधाच्या रंगाचं रेझिन नळीतून चढलं.
त्याला ढकलणारं मागे कुणी नाही,
ओढतंय ते पुढचं काहीच नसणं.
पांढरं कापड काळपट ओलं होत सरकतं.
दर पाच मिनिटांनी मी मार्करनं त्याची सीमा आखतो.
कुणी बोलत नाही.
तुषार तर शिंकही दाबून धरतो,
जशी काही त्याच्या नाकातूनच हवा शिरणार आहे.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक सोललं.
घण मारला तर घणच उसळेल अशी नाव.
फक्त वल्ह्याच्या कडीखाली
तांदळाएवढा एक बुडबुडा.
रंजनानं खडूनं गोल केला त्याला.
मी तो पुसला.
डिलिव्हरीची तारीख होती.

आता गंगापूरचं पाणी सोडलं
आणि दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाल्याचं कुणी सांगितलं,
की सगळे विचारतात
पाणी कुठवर आलं.
मी विचारतो, कुठली नाव काढली.