दोन अर्धी, एक पूर्ण, एक फुकट

कंडक्टरनं यंत्र दाबलं. माझं अर्धं, शर्वरीचं अर्धं,
आत्याबाईंचं पंच्याहत्तरी ओलांडल्याबद्दल फुकट.
पूर्ण फक्त ह्यांचं.
"घरात मीच तेवढा अख्खा," म्हणून
हे मिरजेपर्यंत स्वतःवरच खूश.

पंचवीस डिसेंबर. शाळा बंद, म्हणून ह्यांनी गिरणीही बंद ठेवली.
तरी कानाच्या पाळीमागं पीठ राहिलंच होतं,
ओल्या रुमालानं पुसलं मी, सगळ्या गाडीदेखत.

काचेवरच्या धुक्यात शर्वरीनं बोटानं झाड काढलं,
शेंड्यावर चांदणी.
कवठेमहांकाळला ऊन आलं
आणि झाड चांदणीसकट ओघळून
आत्याबाईंच्या कोपराला लागलं.

मिरजेत चर्चसमोर गाडी अडकली.
जरीच्या साड्या, गजरे, नव्या बुटांनी चावलेली पोरं,
आणि दारात एक आजी दुसरीला सांगत होत्या,
"करंज्या यंदा जरा कडकच झाल्या बघा."
आत्याबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला:
"मोहन कमी पडलं आसंल, बाई!"
त्या हसल्या. सिग्नल सुटला.
उत्तर काय आलं, ते मिरजेतच राहिलं.

सांगलीत आधी पूल.
खाली कृष्णा, काठोकाठ नाही, पण होती.
आमच्याकडं टँकरचा हॉर्न वाजला की माणसं पळतात;
आत्याबाई कठड्याला धरून उभ्याच राहिल्या.
"येवढं पानी, आन् घागर घिऊन कुनीच न्हाई?"

मग चार मजली दुकान, आणि सरकता जिना.
त्यांनी निऱ्या वर खोचल्या, ओढ्यात उतरावं तशा,
माझं मनगट आवळलं,
आणि वर पोचल्यावर म्हणाल्या, "परत."
तीनदा गेलो. खरेदी एक रुमाल.
ह्यांना वॉचमननं विचारलं, काय हवंय?
हे म्हणाले, जिनाच बघतोय.

भडंग खाल्लं उभ्यानं, कांदा जास्त टाकून.
शर्वरीच्या नाकातून पाणी, तोंडातून हसू,
आणि बुटांच्या दुकानापुढं
घंटी वाजवणारा सांताक्लॉज.
लाल झगा ढगळ, दाढी एका कानावर लटकलेली,
पोटाच्या जागी उशी, ती पार मांडीवर उतरलेली.
शर्वरीनं हात पुढं केला.
तो वाकला. मग माझ्याकडं बघून घंटीच थांबली.

"काकू... कवा आलासा?"

मल्लूअण्णांचा शिवगोंडा.
आयटीआयला असतो, सुट्टीतही क्लास आहे म्हणालेला.
"दिवसाला चारशे देत्यात," पुटपुटला दाढीच्या आतून,
"गावात सांगू नगासा."
ह्यांनी उशी हळूच वर सरकवून दिली,
पोत्याला बूड ठोकून बसवावं तशी,
आणि मोठ्यानं म्हणाले, "मेरी क्रिसमस, साहेब!"
त्यानं चौघांना चार चॉकलेटं दिली.
मग इकडंतिकडं बघून आणखी एक,
काही न बोलता, माझ्याच मुठीत.

परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं शिरढोणपर्यंत.
नंतर मांडीवर शर्वरी, अर्धवट झोपेत:
"आजी, सांता कुठं राहतो?"
मी ह्यांच्याकडं, हे खिडकीकडं.
आत्याबाई शांतपणे म्हणाल्या,
"लई लांब. गाडी बदलावी लागती."

डफळापुरात उतरलो तेव्हा रस्ता गार, कुत्री गप्प,
मल्लूअण्णांच्या अंगणात दिवा होता.
शिवगोंडाची आई तांदूळ निवडत बसलेली.
"काय काय बघितलंसा?"
पूल, म्हटलं. जिना. माणसंच माणसं.
आणि मूठ उघडली. "हे तुमच्यासाठी."
"मला कशाला गं? पोरीला दे."
पोरीचं झालं, म्हटलं.

तिनं अर्धं तोडून तोंडात टाकलं,
डोळे मिटले, म्हणाली, लई ग्वाड हाय.
उरलेलं तसंच गुंडाळून ठेवलं:
"शनवारी शिवगोंडा यील, त्याला हुईल."
चांदीचा कागद नखानं सारखा करत राहिली,
एकसुद्धा चुणी उरू नये असा.