पिठाचा भाव

एस्सो गावच्या दुकानात, पिठाच्या पोत्यांशेजारी,
ऑक्त्याब्रिनाने फळीवर चार वस्तू मांडल्या.

मिरचीच्या फवाऱ्याचा डबा. चार हजार रुबल.
लाल मशाल, दोरी ओढली की पेटणारी. ती स्वस्त.
पितळी घंटा, कुठल्याशा रेनडिअरच्या गळ्यातली.
आणि नवऱ्याची बंदूक : विकायला नव्हे,
न्यायची आणि आणून द्यायची.

मी तेवीस वर्षांची, मासे मोजायला निघालेली.
वर, नदीच्या पाचव्या वळणाला, सहा आठवडे तंबूत.
किती सॅमन चढले, रेघा मारून वहीत लिहायचं.
त्याच नदीवर तेही मोजत असतात,
वहीशिवाय.

"बंदूक नेऊ?"
"कधी चालवलीस?"
"शाळेत. पत्र्याच्या डब्यावर."
"डबा धावत येत होता का तुझ्याकडे?"

ती त्यांचं नाव घेत नाही. थोरले म्हणते.
थोरले काल पुलाजवळ होते.
थोरल्यांना यंदा बोरं कमी पडली.
थोरल्यांना एकच गोळी लागली, तर ते आणखी थोरले होतात.

घंटा तिने स्वतःच बाजूला सारली.
"ही ऐकत कळपामागून चाललेत ते. सवयीची आहे त्यांच्या."
मग पोत्याची सुतळी उगाच घट्ट करत :
"तो हीच घेऊन गेला होता. बंदूक खुंटीला होती."
मी पुढचं काही विचारलं नाही.
पिठाचा भाव विचारला.

मागच्या अंगणात तिने मुदत संपलेला एक डबा हातात दिला.
खिट्टी काढ. दाब.
मी दाबला, आणि वारा वळला,
आणि सगळं केशरी धुकं घरी परत आलं, माझ्या डोळ्यांत, घशात.
ऑक्त्याब्रिना हसून हसून पायरीवर बसली,
मग दुधाची किटली घेऊन आली.
"आता तुला वाऱ्याची चव कळली," म्हणाली.

मी डबा घेतला. एक मशाल घेतली.
बंदूक खुंटीला राहिली, दुसऱ्यांदा.

एकोणिसावा दिवस. भुरभुर पाऊस. पाण्याचा एवढा आवाज
की माझा खोकला मलाच ऐकू येईना.
दोन हजार एकशे चौदावी रेघ मारून मान वर केली
तर वीस पावलांवर थोरले,
हनुवटीवरून पाणी निथळत.

हात कमरेला गेला आणि रबराला लागला.
रेनकोट, गळ्यापर्यंत बंद.
त्याच्या आत माझे चार हजार रुबल,
कोरडे, उबेत, माझ्याहून सुखरूप.

तोंड उघडलं, तर देव आला नाही, शिवीही नाही.
"दोन हजार एकशे पंधरा," मी म्हणाले.
सोळा. सतरा.
एका आकड्याला एक पाऊल मागे.
वारा माझ्या पाठीवर होता :
फवारा अगदी सरळ गेला असता.
त्याऐवजी माझा वास गेला, घाम, धूर, कालचा भात,
आणि त्यांनी नाक वर करून तो सावकाश वाचला.
तेवीस. चोवीस.
तिसाच्या आसपास त्यांनी मान फिरवली,
पाण्यातून एक मासा उचलला
आणि झुडपात गेले.
तो मासा मी वहीत धरला की नाही, आठवत नाही.

सप्टेंबरात दुकानात गेले तेव्हा
एक पोरगा उभा होता, गरम झऱ्यांकडे निघालेला, बूट कोरे करकरीत.
यातलं उत्तम कुठलं, असं विचारत होता.
ऑक्त्याब्रिनाने हनुवटीने मला दाखवलं.
मी पुष्कळ बोललो. वारा, खिट्टी, अंतर.
तो शहाण्यासारखा मान हलवत राहिला
आणि डबा पिशवीत तळाशी, मोज्यांखाली ठेवून
चेन ओढून घेतली.

"काढ," मी म्हणाले. "वर बांध. कोटाच्याही वर.
आणि रात्री अंधारात हात नेऊन बघ, सापडतो का."

त्याने बांधला, जरा सैलच.
जाता जाता फळीवरच्या घंटेची किंमत विचारली.
ऑक्त्याब्रिनाने त्याला
पिठाचा भाव सांगितला.